चर्वितचर्वण: कुठे म्हणावं, कुठे म्हणू नये

हस्तलिखितं तपासताना मी समासात पेन्सिलीनं 'च.च.' अशी खूण करते. लेखक नवा असला की फोन येतो, "मॅडम, हे च.च. काय आहे?" मी चर्वितचर्वण म्हणून सांगते. मग पलीकडून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे पुनरावृत्तीच ना?" पुनरावृत्ती असती तर मी नुसतं 'पु.' लिहिलं असतं. त्या खुणेला माझ्याकडे वेगळा अर्थ आहे आणि तिची दुरुस्तीही वेगळी असते. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. शब्द ऐकलेला आहे, अर्थाचा अंदाजही आहे, पण लिहिताना हात अडखळतो, अशांना याचा उपयोग व्हावा.

शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. 'चर्व्' म्हणजे चावणं. चर्वित म्हणजे चावून झालेलं आणि चर्वण म्हणजे चावण्याची क्रिया. चावून झालेलं पुन्हा चावणं, एवढाच सरळ अर्थ. वापरताना लक्षात ठेवायचं ते हे की पहिलं चावणं आधीच होऊन गेलेलं आहे. रस कुणीतरी घेतलेला आहे, आणि आता जो चावतो आहे त्याच्या तोंडात चोथा आहे. या शब्दानं आपण एखाद्याला 'तू तेच पुन्हा म्हणतोस' एवढंच सांगत नाही. 'यात आता काही उरलेलं नाही, तरी तू चावतो आहेस' असा त्यात आरोप असतो. आरोप करायचा नसेल तर हा शब्द हातात घेऊ नये.

जुन्या ग्रंथांत हा आरोप फार मोठ्या गोष्टीवर केलेला आहे. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधातल्या पाचव्या अध्यायात हिरण्यकशिपू प्रल्हादाला विचारतो, गुरूंनी शिकवलं नाही, तर ही बुद्धी तुला आली कुठून? उत्तर देताना प्रल्हाद संसारातच गुरफटलेल्या, इंद्रियं ताब्यात नसलेल्या माणसांविषयी बोलतो आणि त्यांना विशेषण लावतो: 'पुनः पुनश्चर्वितचर्वणानाम्'. तिथे भाषण, लेख, चर्चा यांचा काही संबंध नाही. भोगून झालेले भोगच पुन्हा भोगत राहणारी माणसं, असा अर्थ आहे. मराठीत येईपर्यंत शब्दाचा आवाका पुष्कळ आकसला आणि तो मुख्यतः बोलण्या-लिहिण्यापुरता राहिला. तरी मूळची ती चीड अजून त्यात जाणवते.

जाता जाता, 'पुन्हा पुन्हा चर्वितचर्वण' असं कुणी लिहिलं की काही शुद्धिप्रेमी लगेच टोकतात, की पुन्हा हा अर्थ शब्दातच आहे, वर आणखी 'पुन्हा पुन्हा' कशाला? त्यांना प्रल्हादाकडे पाठवावं. 'पुनः पुनः' तिथेच आहे. मी स्वतः ते काढते, पण जागा वाचते म्हणून. चूक म्हणून नव्हे.

याच धातूपासून आलेला दुसरा शब्द मात्र थेट उलट्या टोकाला उभा आहे. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकारांनी रसाची चर्चा करताना 'चर्वणा' हा शब्द वापरला. नाटक बघताना किंवा काव्य वाचताना रसिक जो आस्वाद घेतो, ती चर्वणा. आपल्या समीक्षेत 'रसचर्वणा' हा शब्द त्यातूनच आला. त्यामुळे परीक्षण लिहिताना जरा सांभाळावं. 'या कवितांत एकटेपणाची चर्वणा आहे' हे कौतुक झालं. 'एकटेपणाचं चर्वितचर्वण आहे' असं लिहिलंत तर कवी तुमच्याशी बोलणार नाही. दोन्हीकडे चावणंच आहे, पण एकीकडे रस येतो आहे आणि दुसरीकडे तो संपलेला आहे.

वापरण्याआधी काय तपासायचं

हस्तलिखितात मी खूण करते तेव्हा तीन गोष्टी पाहते.

मुद्दा आधी मांडला गेलेला असला पाहिजे, आणि समोरच्या वाचकाला तो ठाऊक असला पाहिजे. यातला दुसरा भाग लोक विसरतात. अभ्यासकांना कंठस्थ असलेली गोष्ट शाळकरी मुलांसाठीच्या पुस्तकात आली तर ती मुलं ती पहिल्यांदाच चावत असतात. तिथे च.च. म्हणणारा परीक्षक स्वतःचा कंटाळा मुलांच्या नावावर खपवतो.

मग पाहायचं, की दुसऱ्या वेळी काही भर पडली का. नवा पुरावा, नवं उदाहरण, वेगळा क्रम, निदान एखादी शंका तरी? यातलं काहीही असेल तर मी पेन्सिल उचलत नाही. जुन्याच मुद्द्यावर नवी शंका काढणारा माणूस मला नवा मुद्दा आणणाऱ्यापेक्षाही जास्त आवडतो, पण ते असो.

तिसरी अट माझी स्वतःची आहे, कोशात शोधू नका. सांगणाऱ्याचा आविर्भाव काही विशेष सांगत असल्याचा असला पाहिजे. 'मी मागे म्हटल्याप्रमाणे' असं कबूल करून जो दोन ओळींत उजळणी करतो, त्याला हा शब्द लावणं अन्यायाचं आहे. एका संस्थेची स्मरणिका तपासताना अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि चिटणीस अशा तिघांची मनोगतं लागोपाठ होती. संस्थेची स्थापना कशी झाली, सुरुवातीला जागा कशी नव्हती, पहिली सभा कुणाच्या ओसरीवर झाली, हे तिघांनीही पहिल्यापासून सांगितलं होतं, आणि तिघांनीही 'फार थोड्यांना माहीत असेल' अशी सुरुवात केली होती. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या मनोगतावर च.च. लिहिताना मला अजिबात विचार करावा लागला नाही. अध्यक्षांचं तसंच ठेवलं. चिटणिसांना ओसरीच्या मालकाविषयी आणखी काही आठवतं का म्हणून विचारलं. त्यांना पुष्कळच आठवत होतं.

आता काही वाक्यं. ही बरोबर आहेत:

'ग्रंथात स्वतंत्र संशोधन कमी आणि आधीच्या अभ्यासकांच्या निष्कर्षांचं चर्वितचर्वण जास्त आहे.'

'दोन तास जुन्याच मुद्द्यांचं चर्वितचर्वण झालं आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.'

'चर्वितचर्वण टाळावं म्हणून चरित्राचा भाग वगळून थेट पत्रव्यवहाराकडे वळतो.'

ही चुकलेली आहेत, आणि तिन्ही मी छापायला आलेल्या मजकुरात पाहिलेल्या प्रकारची आहेत:

'सकाळी उठा, गाडी पकडा, कामावर जा, परत या. आयुष्य म्हणजे नुसतं चर्वितचर्वण.' प्रल्हादाचा हवाला देऊन हे वाक्य वाचवता येईल, पण आजचा वाचक अडखळतो. दिनक्रमासाठी आपल्याकडे रहाटगाडगं आहे.

'मुलगा सारखा "का, का" विचारून चर्वितचर्वण करत होता.' मूल प्रश्न विचारतं तेव्हा त्याला उत्तर मिळालेलं नसतं. चावून झालेलंच नाही. तो भंडावून सोडत होता, असं म्हणा.

'आईच्या आठवणींचं चर्वितचर्वण करताना सगळ्यांचे डोळे पाणावले.' लेखिकेला 'उजाळा' म्हणायचं होतं. जड शब्द वापरला की मजकुराला वजन येतं या समजुतीतून असले अपघात होतात.

शेजारचे शब्द

खरी अडचण अशी की कंटाळवाण्या पुनरावृत्तीला मराठीत शब्दांची वाण नाही. एक शब्द वापरताना शेजारचे दहा रांगेत उभे असतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मी निवड करताना नेमकं काय परत येतं आहे आणि कसं येतं आहे, हे पाहते.

पुनरावृत्ती हा सगळ्यांत निर्विकार शब्द. प्रयोगाची पुनरावृत्ती करतात, इतिहासाची होते. त्यात निंदा नाही. पुनरुक्तीत थोडी आहे, कारण तो दोष म्हणूनच शास्त्रात आला. वादात माणूस हरला असं कधी समजायचं, याच्या बावीस जागा न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथानं, सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक 'पुनरुक्त'. पण सूत्रकारांनी लगेच अपवाद जोडला आहे: अनुवाद सोडून. इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, काही हेतूनं केलेलं पुनर्कथन. 'लवकर लवकर जा' असं म्हणताना दुसरं 'लवकर' फुकट नसतं, त्यानं घाई वाढते, असा दाखलाही त्याच ग्रंथात दिलेला आहे. माझ्या समासातल्या 'पु.' आणि 'च.च.' यांचं भांडण इथेच मिटतं. 'पु.' म्हणजे हे आधी आलंय, मुद्दाम आणलं असेल तर राहू द्या. 'च.च.' म्हणजे मुद्दामही आणलेलं नाही आणि उपयोगही नाही.

पिष्टपेषण हा चर्वितचर्वणाचा सख्खा भाऊ. पिष्ट म्हणजे दळलेलं, पेषण म्हणजे दळणं. आपलं 'पीठ' त्याच पिष्टातून आलं. दळलेलं पुन्हा दळण्यात निरर्थक श्रम दिसतात, चावलेलं पुन्हा चावण्यात थोडी किळसही येते. त्यामुळे सभ्यपणे टीका करायची असेल तर मी पिष्टपेषण सुचवते. पण हा शब्द आता फार कमी लोकांना कळतो. बोलताना 'तेच दळण दळत बसलेत' म्हटलं की झालं.

तोंडाशी संबंधित देशी शब्दांची तर मौज आहे. चघळणं, रवंथ करणं आणि चावून चोथा करणं, या तिन्हींत चर्वितचर्वणाच्या जवळपासचं काहीतरी आहे; पण बदली मात्र होत नाही.

चघळण्यात मजा असते. शेजारच्या लग्नाचा विषय लोक चघळतात, कारण त्यांना गोड लागतो. ऐकणाऱ्याला कंटाळा येवो, चघळणाऱ्याला येत नाही. शिवाय चघळताना गिळायची घाई नसते, म्हणून निर्णय लांबवणाऱ्यांनाही हा शब्द छान लागतो: 'समिती वर्षभर प्रस्ताव चघळत बसली.' चर्वितचर्वणात ही चव नाही.

रवंथाविषयी माझं थोडं भांडणच आहे. चर्वितचर्वण म्हणजे रवंथ, असं सर्रास सांगितलं जातं. संस्कृत रोमन्थ या शब्दापासून आलेला हा शब्द. गाय घाईनं गिळलेला चारा पोटाच्या पहिल्या कप्प्यांतून परत तोंडात आणते आणि सावकाश चावते. तसं केलं नाही तर तिला तो पचणारच नाही. म्हणजे रवंथ ही गरजेची दुसरी फेरी आहे आणि तिच्यातून पोषण मिळतं. म्हणून 'वाचलेल्याचा रवंथ करावा' हा उपदेश बरोबर, आणि 'वाचलेल्याचं चर्वितचर्वण करावं' असं कुणी म्हणणार नाही. 'जुन्या भांडणाचा रवंथ' अशी निंदा करतात तीही चालते, पण तिथे चित्र एकट्या माणसाचं आहे. तो मनात घोळवतो आहे. चर्वितचर्वणाला श्रोता लागतो.

राहिला 'चावून चावून चोथा झालेला विषय'. अर्थानं हाच चर्वितचर्वणाचा खरा मराठी अवतार. फरक एवढाच की चोथा विषयाचा होतो आणि चर्वितचर्वण माणूस करतो. दोष विषयावर टाकायचा असेल तर चोथा म्हणा, बोलणाऱ्यावर टाकायचा असेल तर चर्वितचर्वण. वक्त्याचा मान राखून व्याख्यानाबद्दल लिहायचं असलं की मी पहिलं घेते.

उगाळणं सहाणेवरचं आहे. त्यात एकच गोष्ट एकाच जागी घासणं येतं, आणि बहुतेक वेळा ती कडू असते. जुना अपमान, चुकलेला व्यवहार, कुणी कुणाला काय म्हटलं होतं. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण याच घरातली. शिळ्या कढीला ऊत आणण्यात मधे खंड पडलेला असतो. विषय निवला होता, कुणीतरी मुद्दाम पुन्हा तापवला. चर्वितचर्वण खंड पडो न पडो चालूच असतं.

लांबी आणि पुनरावृत्ती यांची गल्लत फार होते. पाल्हाळ लांब असतो, पण दर वाक्यात नवीन फाटा फुटत असतो. चऱ्हाटाचंही तेच, दोर वळत जावा तसं बोलणं वाढत जातं. आत्याबाई देवदर्शनाची हकिगत सांगताना वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उतरतात, ते चऱ्हाट आहे. त्यात एकही गोष्ट दुसऱ्यांदा येत नाही. गुऱ्हाळ हा मधला प्रकार. त्याला माणसं जास्त लागतात आणि वेळही. 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणतात ते त्यामुळे. खऱ्या गुऱ्हाळात शेवटी गूळ तरी निघतो. काहीच निघालं नाही तर 'एरंडाचं गुऱ्हाळ' म्हणायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे.

वाक्य शब्दशः तेच येत असेल तर ते पालुपद. गाण्याचं धृपद जसं दर कडव्यानंतर येतं, तसं 'माझं कोण ऐकतंय इथे' हे दर चार वाक्यांनंतर येतं. मागणी परत परत येते ते टुमणं, तक्रारींची यादी येते तो पाढा, नकार येतो तो नन्नाचा पाढा. स्वतःचाच एक सूर लावणं म्हणजे तुणतुणं. दुसऱ्याचं म्हणणं आज्ञाधारकपणे परत म्हणणं म्हणजे री ओढणं, आणि न समजता म्हणणं म्हणजे पोपटपंची. सुधारलेला माणूस पुन्हा मूळ पदावर आला तर 'येरे माझ्या मागल्या', शिकवलेलं वाया गेलं तर 'पहिले पाढे पंचावन्न'. यांतल्या एकाही जागी चर्वितचर्वण बसत नाही, हे पाहून घ्या.

आणि दुसऱ्याचा मजकूर उचलून तसाच चिकटवणं? त्याला लोक हल्ली कॉपी-पेस्ट म्हणतात, काही जण रागात चर्वितचर्वण म्हणतात. नका म्हणू. त्यात चावण्याचेही कष्ट घेतलेले नसतात. ती उचलेगिरी आहे, आणि तिला तोच शब्द लावावा.

जिथे हा शब्द मुळीच लावू नये

नामजप, रियाज, पाठांतर. तोच पलटा शंभर वेळा घोटणाऱ्या गायकाला प्रत्येक वेळी काहीतरी हाताशी लागत असतं. बाहेरच्याला ते ऐकू येत नाही इतकंच. दुःखात असलेला माणूस तीच हकिगत दर भेटायला येणाऱ्याला पहिल्यापासून सांगतो, त्यालाही नाही. ते त्याचं सांगणं अजून संपलेलं नसतं.

कायद्याचा मजकूर हे वेगळं प्रकरण. करारनाम्यात 'सदर मिळकत' दर ओळीत येते आणि ती यावीच लागते. एकदा एका हौशी संपादकानं अशा मजकुरात मिळकत, मालमत्ता, वास्तू, जागा असे शब्द आलटून पालटून घातलेले मी पाहिले. वाचायला सुरेख झालं होतं. पण त्यातून चार वेगवेगळ्या वस्तूंचा व्यवहार चालल्याचा अर्थ निघत होता. औषधाच्या सूचना, यंत्र वापरण्याच्या सूचना, निवडणुकीचे नियम, सगळीकडे हेच. तिथला कंटाळा कामाचा आहे.

लिहिण्या-बोलण्याच्या बारीक गोष्टी

एक शब्द, जोडून: चर्वितचर्वण. मधे जागा नको, जोडरेघही नको. 'वि' ऱ्हस्व. इथे चूक का होते तेही सांगते. मराठी शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी दीर्घ लिहायची, असा नियम आहे: गरीब, वकील. त्या सवयीनं हात 'चर्वीत' लिहितो. पण तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही. गणित, लिखित यांसारखंच चर्वित. 'चर्चितचर्वण' असंही छापलेलं दिसतं. लिहिणाऱ्याला चर्चा आठवलेली असते. कल्पना वाईट नाही, पण शब्द तो नाही.

उच्चारात दोन्ही च 'चंद्र'मधले, 'चमचा'मधले नव्हेत. गंमत अशी की चावणं, चघळणं, चोथा या देशी मंडळींत चमच्यातला च आहे. एकाच वाक्यात दोन्ही आले की निवेदकांची जीभ घसरते, म्हणून कार्यक्रमाची संहिता लिहिताना ते शेजारी ठेवू नयेत.

लिंग नपुंसक: ते चर्वितचर्वण. करणं, होणं, चालणं, टाळणं ही क्रियापदं त्याला शोभतात. 'मारणं' आणि 'लावणं' शोभत नाहीत. 'चर्वितचर्वण लावलंय' म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुधा टुमणं असतं. विभक्ती सरळ: चर्वितचर्वणाचा, चर्वितचर्वणात. विशेषण करायला जाऊ नका. 'चर्वितचर्वणात्मक लेख' असं वाचलं की मला त्या लेखापेक्षा विशेषणाचीच भीती वाटते.

एका लेखात एकदाच वापरा. दुसऱ्यांदा आला की वाचक तुमच्याकडेच बघतो.

तोंडावर म्हणायचं असेल तर आणखी जपून. बरोबरीच्या मित्राला 'पुरे की आता चर्वितचर्वण' म्हणता येतं, कारण एवढा मोठा शब्द घरगुती बोलण्यात आला की त्याची धार विनोदात जाते. वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना, कार्यालयातल्या वरिष्ठांना नाही. त्यांना मी 'सर, हे दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आलंय, इथे त्याचा नुसता उल्लेख ठेवू का?' असं विचारते. सभेत 'हा मुद्दा मागच्या इतिवृत्तात नोंदलेला आहे, पुढचा घेऊ या' एवढं पुरतं. इतिवृत्ताचं नाव काढलं की माणसं बोलणं आवरतं घेतात. का ते मला अजून उलगडलेलं नाही.

स्वतःच्या मजकुरातून काढायचं कसं

एक नमुना घ्या. 'वाचन ही काळाची गरज आहे. आजच्या धावपळीच्या युगात वाचनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. वाचनामुळे माणूस समृद्ध होतो. वाचनाशिवाय जीवन अपूर्ण आहे. म्हणून प्रत्येकानं वाचलं पाहिजे.' पाच वाक्यं, शब्द वेगळे, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपण पुढे सरकतो आहोत असं वाटतं. मी अशा वेळी प्रत्येक वाक्यापुढे लेखकाला एकच प्रश्न लिहायला लावते: हे न मानणारा कुणी आहे का? कुणीच नसेल तर वाक्य चावून झालेलं आहे. पाचही उडतात. मग मी विचारते, तुम्ही स्वतः शेवटचं पुस्तक अर्धवट का सोडलंत? त्याचं उत्तर म्हणून जे वाक्य येतं, तिथून लेख सुरू करायचा.

समानार्थी शब्द बदलून हा दोष जात नाही, उलट लपतो. म्हणून शोधताना शब्द शोधू नका. दर परिच्छेद वाचून झाला की समासात त्याचं म्हणणं पाच-सहा शब्दांत लिहा. शेवटी नुसता समास वाचा. जिथे दोन नोंदी सारख्या दिसतील तिथे एक परिच्छेद जाणार. कोणता ठेवायचा? बहुतेक लेखक पहिला ठेवतात. माझ्या अनुभवात दुसरा बरा असतो, कारण तोवर लेखकाला आपल्याला काय म्हणायचंय ते सापडलेलं असतं. पहिला परिच्छेद म्हणजे बऱ्याचदा नमनाला घातलेलं घडाभर तेल.

सर्वांत जास्त च.च. मी समारोपात लिहिते. लेखाचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचा. काही हरवल्यासारखं वाटलं नाही तर तो काढून टाका. प्रबंधाला मात्र नियमानुसार निष्कर्षांचं प्रकरण लागतंच. तिथे प्रकरणांची नावं घेऊन 'पहिल्या प्रकरणात अमुक पाहिलं, दुसऱ्यात तमुक पाहिलं' असं लिहिण्याऐवजी हाती काय लागलं ते लिहावं, आणि काय लागलं नाही तेही. मार्गदर्शकांनी दुसरंच सांगितलं तर अर्थातच त्यांचं ऐकावं.